गार इंजिनाची साक्ष

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल बघायला गेलात की बोलणी सुरू होण्याआधी इंजिनाच्या फिन्सवर तळहात ठेवा. फिन्स कोमट लागल्या, तर तुम्ही यायच्या आधीच मालकानं गाडी सुरू करून ठेवली होती असं समजा. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. चारचौघांत किकवर किक मारत बसणं कुणाला आवडतं? पण मग चहा घ्या, घरच्यांची विचारपूस करा, तासभर बसा आणि इंजिन पुरतं गार होऊ द्या. घासून सैल झालेला पिस्टन गार असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि खडखड ऐकू येते. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, तीच खडखड दबते. कार्बोरेटर, पॉइंट, कॉम्प्रेशन यांची खरी अवस्था पहिल्या चार किकांत कळते. तापलेलं इंजिन बरंच काही पोटात घालतं.

पंचवीसएक वर्षांत मी अशा तीन गाड्या घेतल्या आणि तिन्ही विकल्या. या व्यवहारात लोखंड आणि कागद हातातून हातात जातात असं वरवर दिसतं. मला मात्र पटलंय ते वेगळं. इथे खरा माल म्हणजे त्या इंजिनाच्या पोटात आजवर काय काय झालं याची माहिती. ती ज्याला मिळाली त्यालाच गाडी मिळाली. आणि जुन्या गाड्यांचा आजचा बाजार नेमकी हीच माहिती पुसून टाकणाऱ्याला जास्त पैसे देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. त्याच्या गाभ्यात हलणारे भाग मोजून तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढून घेतो, खाली येताना तेच दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे पिस्टनच्या दोन्ही बाजू राबतात. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, त्यानं जाता जाता क्रँकचे बेअरिंग आणि सिलिंडर भिजवायचे आणि मग जळून जायचं. इतकी साधी रचना, पण हवेच्या बाबतीत फार हळवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियर बॉक्समधलं ऑइल ओढून जाळू लागतं. बाहेर एक थेंब गळत नाही, ऑइलची पातळी मात्र खाली जाते आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर तिथून फुकटची हवा आत शिरते. थ्रॉटल सोडला तरी इंजिन चटकन खाली येत नाही, रेंगाळतं. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, वा, काय मोकळं इंजिन आहे! महिनाभरात पिस्टन जाम होतो.

जाम झालं की सिलिंडर उतरवून बोअर वाढवायचं. मूळ माप, मग पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. त्यानंतर नवा लायनर ठोकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. प्रत्येक बोअर म्हणजे त्या गाडीच्या आयुष्यातली एक घटना असते. कुणी ऑइल घालायला विसरलं, कुणी मुलाला शिकायला दिली, कुणी उन्हातान्हात तिघं बसून लग्नाला गेलं. म्हणून जाणता गिऱ्हाईक किलोमीटर विचारत नाही. मीटरची केबल तुटून दहा वर्षं झालेली असतात. तो विचारतो, 'बोअर कितवं?'

हे इंजिन मुळात पसरलं तेच माहितीच्या देवघेवीतून, आणि ती देवघेव नेहमी सरळ नव्हती. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या त्शोपाऊ गावी डीकेडब्ल्यूचा कारखाना होता. तिथली आरटी १२५ ही साधी, हलकी गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीची लूट म्हणून जगभर गेली. तिच्या आराखड्यावरून इंग्लंडमध्ये बीएसएची बँटम झाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५ झाली आणि जपानमध्ये १९५५ साली यामाहाची पहिलीवहिली मोटरसायकल वायए-१ झाली. तांबड्या रंगामुळे जपानी लोक तिला 'लाल चतुर' म्हणत. पुढे त्याच त्शोपाऊत, आता पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात, वॉल्टर काडेन नावाच्या अभियंत्यानं सायलेन्सरचं गूढ उकललं. धूर बाहेर जाताना नळीत दाबाची लाट तयार होते. नळीचा आकार नेमका ठेवला तर तीच लाट मागे वळून, बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. १९६१ पर्यंत त्यानं १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याच साली बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरात, स्वीडनच्या शर्यतीनंतर, त्याचा अव्वल स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला. बायकामुलांना गुपचूप सीमेपार काढण्याची तजवीज त्यानं आधीच केली होती. डेग्नर सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये सुझुकीला ५० सीसी गटाचं पहिलं जागतिक विजेतेपद मिळालं, आणि ते डेग्नरनंच मिळवून दिलं.

काडेनला यातलं काहीही मिळालं नाही. त्याच्याकडे कारखाना होता, यंत्रं होती, इंजिनंही जागच्या जागी होती. गेली ती फक्त जाण. आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं.

आपल्याकडे टू-स्ट्रोक आल्या त्या अशाच उसन्या आराखड्यांवर. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीनं म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा बांधली. करार संपल्यावर १९७३ पासून तीच गाडी इराणमधल्या याझ्द शहराच्या नावावरून 'येझदी' झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएलची बहीण. राज कपूरच्या 'बॉबी'मुळे तिचं छोटं भावंड घरोघरी कळलं. १९८३ साली आली राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, दोन सिलिंडरांची आणि सहा गियरची. १९८५ पासून आरएक्स १००. बजाजनं कावासाकीबरोबर केबी १०० काढली. मग फोर-स्ट्रोक आल्या, एका लिटरला दुप्पट धावू लागल्या आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्याच साली आरएक्स १०० चंही उत्पादन थांबलं.

या इंजिनांवर माझं प्रेम आहे, पण ती बंद झाली ते योग्यच झालं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराचं दार अजून उघडंच असतं. काही पेट्रोल न जळताच, ऑइलसकट बाहेर पडतं. नव्वदच्या दशकात पुण्यात लक्ष्मी रोडवर संध्याकाळी जो उभा राहिला आहे, त्याला ते डोळ्यांच्या जळजळीवरून आठवेल. १९९१ पासून धुराचे नियम आले, १९९६ ला आणि २००० ला ते कडक होत गेले आणि या गाड्या मागे पडल्या. म्हणून त्या परत बनवाव्यात असं मी म्हणणार नाही. ज्या उरल्या आहेत त्या नीट ठेवाव्यात, थोड्या चालवाव्यात आणि खरं बोलून विकाव्यात, एवढंच माझं मागणं आहे.

खरं बोलून विकणं म्हणजे काय, ते मला एका गुरुजींनी शिकवलं. त्याआधी मी एकदा फसलो होतो. २००० साली, पुण्यात नोकरी लागल्यावर, एका एजंटकडून आरएक्स १०० घेतली. 'टीटी फॉर्मवर सही आहे साहेब, नावावर कधीही करा,' असं तो म्हणाला. गाडी आवाजाला गोड, टाकी आरशासारखी चकचकीत. आठ महिन्यांनी नावावर करायला गेलो. तपासणीसानं कागद लावून इंजिन नंबरवर पेन्सिल घासली, छाप उचलला आणि माझ्यापुढे धरला. दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल होते, आणि ओळ किंचित तिरकी. मूळ नंबर घासून वर नवा ठोकलेला. मला ते आठ महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं, कारण मी टाकीकडेच बघत होतो.

२००८ मध्ये कोल्हापूरला आलो तेव्हा एका निवृत्त शिक्षकांची येझदी रोडकिंग विकायची आहे असं कळलं. १९८७ चं मॉडेल, २५० सीसी. गगनबावड्याखाली, वैभववाडीच्या बाजूला त्यांची शाळा होती आणि दर शनिवारी ते कोल्हापूरला घरी यायचे. मी गेलो तेव्हा गाडी परड्यात गार उभी होती. गुरुजींनी किल्ली दिली नाही. आधी आतून एक डायरी आणली, साखर कारखान्याची, जुन्या सालाची. वीस वर्षं त्यांनी त्याच एका डायरीत बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या. 'पॉइंट बदलले.' 'दोन्ही सायलेन्सर भाजून घेतले.' 'क्रँक उद्यमनगरात, नवा रॉड, नवी पिन.' 'बोअर ०.२५.' सहा वर्षांनी 'बोअर ०.५०', आणि त्याखाली लाल शाईत: 'चूक माझी. घाट.'

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"करूळ घाट उतरत होतो," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या गियरात, थ्रॉटल पार बंद. तुम्हाला काय वाटतं, उतारावर इंजिनाला विश्रांती असते?"

"असायला पाहिजे, गुरुजी."

"नाही ना! थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद. पेट्रोल बंद म्हणजे ऑइल पण बंद. आणि चाकं मात्र इंजिनाला पळवतायत. कोरडा पिस्टन धरला बघा. मागचं चाक घसरलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. तेव्हापासून उतारावर मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा. तुम्ही पण द्यायचा."

मग त्यांनी न विचारता सांगितलं की तिसरा गियर कधीकधी सुटतो, टाकीच्या आत डाव्या कोपऱ्यात गंज आहे आणि मागचं मडगार्ड मूळचं नाही. येझदीची गंमत अशी की गियरची कांडीच आत दाबून वर फिरवली की तिची किक होते. ती कशी दाबायची, पाय कुठे ठेवायचा म्हणजे उलटी किक नडगीवर बसत नाही, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. सत्तरीचा माणूस होता. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. घासाघीस करायला मला काही उरलंच नव्हतं. सगळे दोष त्यांनीच किमतीत धरले होते. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः आरटीओत आले, फॉर्म २९ आणि ३० वर माझ्यासमोर सह्या केल्या आणि गाडी माझ्या नावावर झाल्याचं बघूनच एसटीत बसले.

पंधरा वर्षं ती येझदी माझ्याकडे होती. तिसरा गियर सुटायचा, अगदी त्यांनी सांगितलेल्याच चढांवर.

गेल्या काही वर्षांत या गाड्यांचे भाव असे चढले की ओळखीचे लोक चकित होतात. रंगवून उभी केलेली आरएक्स १०० लाखाच्या पुढे सांगतात, राजदूत ३५० त्याच्या किती तरी वर. भाव चढले याचं मला दुःख नाही. ज्या पिढीनं शाळा-कॉलेजच्या वयात शेजारच्या दादाच्या मागे बसून हा आवाज ऐकला, तिच्या हातात आता पैसा आहे. आठवणीला माणूस पैसे मोजतो, त्यात गैर काय? गैर आहे ते पुढचं. पैसा आला तसे गाड्या 'नव्या' करणारे आले. मूळ रंग खरवडायचा, क्रोम चढवायचं, बाजारातली बनावट टाकी आणि साइड कव्हर लावायची, इंजिनाचं कव्हर बफ मारून चमकवायचं, आणि आत बोअर कितवं, रॉड कुठला, हे बघायचंही नाही. सुरुवातीच्या आरएक्सचे भाग जपानहून आले होते, म्हणून 'जपानी इंजिन' हे दोन शब्द उच्चारले की भाव वाढतो. वाढतो म्हणून शब्द सर्रास उच्चारले जातात. नंबर ठोकण्याचे प्रकारही भावाबरोबरच वाढतात.

ज्या गाडीचा रंग उडाला आहे तिच्या टाकीवर गुडघे कुठे घासले ते दिसतं. फूटरेस्टची वाकलेली कांडी ती कुठल्या बाजूला पडली ते सांगते. फिन्समधली माती आणि ऑइलचं किटण कुठलं गॅस्केट गळतं ते दाखवतं. हा सगळा पुरावा आहे, आणि आपण तो धुऊन, रंगवून, वर पैसे देऊन नाहीसा करतो. जुनं मंदिर ऑइल पेंटनं रंगवलेलं पाहून ज्यांचा जीव कळवळतो, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांचे नियम केले, त्यातही पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी हीच अट आहे. त्या हिशेबानं म्हैसूरच्या जुन्या जावा बसतात. सर्वांत जुन्या आरएक्स १०० ला २०३५ पर्यंत थांबावं लागेल. तोवर किती मूळ रूपात उरतील, याची मला काळजी वाटते.

कागदाच्या बाबतीत आपल्याकडे फार हयगय होते, आणि ती विकणाऱ्याच्याच अंगावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तरी कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकण्याची रीत काही सुटत नाही. गाडी पाच हात फिरते, सही एकाचीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग त्यानं गाडी कधीची विकलेली का असेना. गुरुजी एसटीनं ज्या कामाला आले होते त्याचं मोल मला हा निकाल वाचल्यावर कळलं.

२०२२ ला मी येझदीचं पासिंग करून घेतलं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तीनशे रुपये असलेली फी त्या एप्रिलपासून हजार झाली होती. पण पुढच्याच वर्षी डावा गुडघा बोलू लागला, आणि येझदीची किक डाव्या पायाची. मग विकायचं ठरवलं. वीसेक फोन आले. बहुतेकांनी विचारलं, रिस्टोअर केलीय का? फोटोत रंग फिका का दिसतो? दोघांनी न बघता पैसे पाठवायची तयारी दाखवली. बोअर कितवं, हे फक्त एकानं विचारलं. तो आयटीआय झालेला टर्नर होता, इचलकरंजीहून आला, हातात बॅटरी. आला तसा खाली बसला आणि फिन्सवर तळहात ठेवला. गाडी गार होती, मी मुद्दाम तशी ठेवली होती.

तिसऱ्या गियरचं मी सांगितलं. टाकीतल्या गंजाचं सांगितलं. क्लचकडचं सील दोन वर्षांपूर्वी बदललंय, दुसऱ्या बाजूचं नाही, हेही सांगितलं. सगळं ऐकून त्यानं आठ हजार कमी केले. हिशेब बरोबर होता. गियर बॉक्स उघडायला, सील घालायला साधारण तेवढेच लागतात. आम्ही आरटीओत बरोबर गेलो. परत आल्यावर मी त्याला डायरी दिली. 'चूक माझी. घाट.' ही ओळ त्यानं वाचली आणि मला तोच प्रश्न विचारला, जो मी परड्यात उभा राहून नुसतं बोट ठेवून विचारला होता.

तुमच्या घरी, गोठ्याच्या कडेला किंवा जिन्याखाली, अशी एखादी गाडी उभी असेल. बहुधा ती अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील नसतील. फॉर्म ३१ भरून ती आधी आपल्या नावावर करून घ्या. तिला हात लावणारा मिस्त्री अजून असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, त्याला काय आठवतं ते लिहून काढा. रंगवायची घाई करू नका. आणि विकायची ठरलीच, तर गिऱ्हाईक येणार असेल त्या सकाळी तिला किक मारू नका.